फादरांचं गवत शोधायला टेंभुर्णीला

जालना स्टेशनावर उतरल्याबरोबर मी फादर सायमन यांच्या गोळ्यांची डबी उघडून गोळ्या मोजल्या. फादर बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "शुभा, गाडीत चारदा मोजल्यास. आता त्या गोळ्यांनाच धाप लागेल."

मी स्वभावाने घाबरट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला नवल वाटणार नाही. माझा नवरा म्हणतो, काळजी करायला काही उरलं नाही तर मला त्याचीच काळजी लागते. आणि या प्रवासात तर काळजीची कारणं पिशवी भरून होती. फादरांचं वय शहात्तर. मधुमेह जुना, पायाला साधं खरचटलं तरी महिनाभर बरं होत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यासमोर कायमचं धुकं. वर्तमानपत्राचा मथळा तेवढा वाचता येतो. अशा माणसाला घेऊन मी मुंबईहून गवत शोधायला निघाले होते.

फादर सायमन मूळचे वसईचे, कॅथलिक धर्मगुरू. पण आमच्या कॉलेजात त्यांना चर्चमध्ये पाहिलेली मुलं थोडी आणि चिखलात गुडघे टेकून बसलेलं पाहिलेली जास्त. तीस वर्षं त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं, मधली काही वर्षं प्राचार्यही होते. प्राचार्यांच्या खोलीतही टेबलाखाली वाळत घातलेलं गवत असायचं आणि भेटायला आलेले पालक त्यात पाय अडकून पडायचे. मी त्यांची विद्यार्थिनी आणि आता त्यांच्याच जागेवर विभागप्रमुख.

एक्याऐंशी साली त्यांनी आमच्या वर्गाची सहल मराठवाड्यात आणली होती. जालना तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. टेंभुर्णीजवळ आमची बस बंद पडली. ती दुरुस्त होईपर्यंत बाकीची मुलं झाडाखाली झोपली आणि फादर एका शेताच्या बांधावर चढले, त्यांची टिपणवही घेऊन मी मागोमाग. नाल्याकाठी त्यांना एक गवत दिसलं. मारवेलच्या जातकुळीतलं, चुरगळलं की उग्र वास येणारं. या जातीच्या गवताच्या कणसात बारीक दाणे असतात आणि दाण्याच्या तुसावर सुईच्या टोकाएवढा एक खड्डा असतो. या गवताच्या तुसावर दोन होते. फादरांनी दोन वर्षं तपासणी केली आणि ही नवी जात म्हणून जाहीर केली. तिला नाव त्यांनी दिलं, ते नाव पुस्तकांत गेलं. माणसाने आयुष्यभर गवतं तपासावीत आणि त्याच्या नावावर एक जात असावी, एवढंच. फादरांच्या नावावर ही एकच होती.

आणि ते नाव खोडायला निघालेली बाई मी होते.

कॉलेजातले मूळ नमुने वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटून कुजून गेले होते. म्हणून मी दुसऱ्या एका संग्रहातून त्या गवताचा जुना नमुना मागवला. भिंगाखाली धरला तर एकाच कणसातल्या काही दाण्यांवर दोन खड्डे, काहींवर एकच. म्हणजे खड्ड्यांचा हिशेब पक्का नव्हता. म्हणजे नवी जात वगैरे काही नाही, नेहमीचंच गवत. पण नमुना किडीने खाल्लेला, शपथेवर सांगावं असा नव्हता. मी लेख लिहिला आणि कुठे पाठवण्याआधी फादरांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "किडलेल्या दाण्यांवरून निकाल देऊ नकोस. ताजं गवत बघू. दसऱ्याच्या आत जाऊ या."

पुढच्या महिन्यात ते वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात कायमचे राहायला जाणार होते. त्यामुळे ही शेवटची संधी होती. मला मनापासून वाटत होतं, की मी चुकलेली असावी.

मस्तगड

जालन्यात आम्ही मस्तगडला कांतीलालजींकडे उतरलो. हे बियाण्यांचे व्यापारी, राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब, पण चार पिढ्या इथेच गेल्या. त्यांचा मुलगा फादरांचा विद्यार्थी होता. खाली दुकान, वर घर. जिन्यात कपाशीच्या बियांचा वास येत होता. जिन्याला कठडा एकाच बाजूला होता, म्हणून मी फादरांच्या दुसऱ्या बाजूला कठड्यासारखी चालले.

पाच वाजताच पानं मांडली गेली. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, ही घरची रीत. आमच्या अलिबागला दिवेलागण झाल्याशिवाय चुलीवर भात चढत नाही, त्यामुळे मला ते जेवण चुकीच्या वेळी आल्यासारखं वाटलं. फादरांच्या साखरेला मात्र ही वेळ फार सोयीची होती. ताटात कांदा नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. फादर रोज सकाळी प्रार्थनाविधी करतात आणि त्याला थोडा द्राक्षरस, म्हणजे वाइन, लागतो. ती बाटली बॅगेत असली तर या घरात कसं दिसेल, ही चिंता मला गाडीतच लागली होती. विचारल्यावर म्हणाले, "बाटली मुंबईलाच ठेवली. लोकांच्या घरी जाताना त्यांना चालत नाही ते नेऊ नये. तीन दिवस नुसती प्रार्थना करीन."

जेवणानंतर कांतीलालजींच्या आई येऊन बसल्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, नजर तेज. सगळे त्यांना माँजी म्हणत होते.

"उद्या तुम्ही गवत उपटणार?" त्यांनी विचारलं. "मुळासकट?"

"मुळासकट उपटावं लागतं, माँजी," फादर म्हणाले.

"मंग जीव जातो की त्याचा."

मला वाटलं, आता वाद होणार.

"जातो," ते म्हणाले. "म्हणून एकच उपटायचं आणि त्याचं नाव बराबर लिहायचं. नाव चुकलं तर दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा उपटावं लागतं."

माँजींनी मान हलवली. "म्हणजे चुकलेल्या नावाचं पाप दुप्पट."

फादर हसले. मी पलीकडच्या खोलीत जाऊन पुन्हा गोळ्या मोजल्या.

टेंभुर्णीच्या वाटेवर

सकाळच्या एसटीत आम्हाला पुढची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशीला बोंडं धरलेली, तूर खांद्याएवढी. मधूनच मोसंबीची बाग यायची आणि डोळ्यांना गारवा वाटायचा. फादरांना यातलं फारसं दिसत नव्हतं. ते विचारत होते आणि मी सांगत होते.

"डावीकडे काय?"

"कपाशी. कडेला हिरवळ."

"हिरवळ म्हणजे काय? कुंदा की पवना?"

"बस पळतेय, फादर."

"मग 'दिसलं नाही' म्हण. 'हिरवळ' कशाला म्हणतेस?"

असे आहेत ते. पहिल्या वर्षाला असताना मी एका फुलाचं चित्र काढलं होतं, पाच पाकळ्यांचं, पुस्तकातल्यासारखं देखणं. त्यांनी माझ्यासमोरचं फूल उचलून दाखवलं. त्याची एक पाकळी अळीने खाल्लेली होती. "तुझ्या फुलाला चार आहेत. पाचवी कुठून आणलीस?" आणि शून्य दिलं. दिसतं ते लिही, हवं ते लिहू नकोस, हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. आता तेच वाक्य मला त्यांच्याच गवताला लावायचं होतं.

टेंभुर्णीला ज्यांच्या बांधावर जायचं होतं त्या बाबुराव पाटलांना आम्ही पोस्टकार्ड पाठवलं होतं. मजकूर फादरांचा, अक्षर माझं. मी म्हटलं होतं, गवताचं लिहू या, म्हणजे ते जपतील. फादर म्हणाले, "मुळीच नको. गवत लिहिलंस तर आपल्याला त्रास नको म्हणून ते सगळं कापून पोत्यात भरून ठेवतील. नुसतं 'बांधावर यायचं आहे' एवढंच लिही." मी तसंच लिहिलं. मात्र कार्ड पेटीत टाकण्याआधी त्यांना न सांगता खाली एक ओळ माझ्या मनाची घातली. ती काय होती हे मी तेव्हा विसरूनही गेले.

टेंभुर्णी

बाबुराव स्टँडवर उभे होते. धोतर, टोपी, मिशा पांढऱ्या झालेल्या. पूर्वी पाच वर्षं गावचे सरपंच होते. त्यांनी फादरांचे दोन्ही हात धरले.

"वीस वर्सं झाली साहेब. तुमची बस बिघडल्ती अन् तुम्ही आमच्या बांधावर उन्हात बसून राह्यला व्हता. आमची आई म्हणल्ती, ह्यो बाबा येडा हाय का काय."

"आईचं बरोबर होतं," फादर म्हणाले.

घरासमोर सडा, रांगोळी. बाबुरावांच्या बायको कौसल्याबाई, सगळ्यांच्या कौसाबाई, पाय धुवायला पाणी घेऊन आल्या. साधारण माझ्याच वयाच्या असाव्यात. आमची सहल आली तेव्हा त्या नवी नवरी होत्या आणि आम्हा मुलींना त्यांनी ताक दिलं होतं, हे मला त्यांचा चेहरा बघून आठवलं. चहा झाला. बाबुरावांनी फादरांना विचारलं, "साहेब, तुम्ही लगीन काहून नाही केलं?"

"आमच्या पंथात धर्मगुरू लग्न करत नाहीत."

"आमच्या जांबचे समर्थ बी असेच भर मांडवातून गेल्ते."

"त्यांना मांडवापर्यंत तरी कुणी नेलं होतं. माझ्यासाठी कुणी मांडवच घातला नाही."

सगळे हसले. मी एकटी घड्याळ बघत होते. ऊन चढायच्या आत बांध गाठायला हवा होता.

शेत घरापासून जवळच होतं. बाबुराव पुढे, मग फादर काठी टेकत, मग मी. नाल्याच्या वळणावर बाबुराव थांबले आणि हात पसरून म्हणाले, "बघा साहेब."

मी बघितलं.

बांध खळ्यासारखा साफ होता. सबंध. एक काडी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत कापून, माती चोपून, वर पाणी शिंपडलेलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेघा आणि मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची.

"मंत्री आल्ते तवा बी एवढं केलं न्हवतं," बाबुराव म्हणाले. "परवा सहा बाया लावल्या. साहेबाच्या पायाला काटा म्हणून लागणार न्हाई. बिलकुल न्हाई."

फादरांना नुसता पांढरा पट्टा दिसला असावा. "शुभा, काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"साफ केलंय, फादर," मी म्हटलं. "सगळं."

ते क्षणभर काठीवर रेलले. मग बाबुरावांकडे वळून म्हणाले, "किती कष्ट घेतलेत. फार छान केलंत." आणि जाऊन त्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात काठीवर ठेवून, एखाद्या समारंभाच्या पाहुण्यासारखे.

"पण तुम्हाला असं कुणी सांगितलं?" मला राहवलं नाही.

बाबुरावांनी खिशातून आमचं पोस्टकार्ड काढलं. जपून चार घड्या केलेलं. "तुमच्याच कागदावर हाय की ताई." आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. शेवटची ओळ अशी होती: 'फादरांच्या पायाला जखम होऊन चालणार नाही, तरी बांधावरची वाट काट्याकुट्याची नसावी, ही विनंती.'

ती माझी ओळ होती. माझ्या काळजीने ते गवत कापलं होतं. फादरांनी मान माझ्याकडे वळवली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी बांधावर ओणवी होऊन बोटांनी माती उकरत राहिले. मुळांचे तुकडे होते, पण मुळांवरून खड्डे मोजता येत नाहीत. पलीकडच्या शेतापर्यंत गेले, नाल्यात उतरले, साडी काट्यात फाडली. ते गवत कुठेच नव्हतं. परत आले तेव्हा बाबुराव फादरांना गावच्या पाणीयोजनेचं सांगत होते आणि फादर मन लावून ऐकत होते.

जेवायला पुरणपोळ्या होत्या. येळवणीची आमटी, भजी, कुरडया, आणि पोळीवर तुपाची धार. मी घाईने म्हटलं, "वहिनी, फादरांना नको, त्यांना साखर आहे."

"ह्यात साखर न्हाई ताई, गूळ हाय," कौसाबाई म्हणाल्या आणि दुसरी पोळी वाढली.

फादरांनी अर्धी खाल्ली आणि थांबले. एरवी जेवणात आवडीनिवडी न दाखवणारा हा माणूस, त्याला घास जात नव्हता. कौसाबाईंच्या ते लक्षात आलं. मी हात धुवायला मागे गेले तेव्हा त्या पाठोपाठ आल्या.

"काय चुकलं का ताई आमचं?"

तेव्हा मात्र मला रडू आलं. चाळिशीला आलेली विभागप्रमुख बाई परक्या घराच्या मोरीपाशी उभी राहून रडत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. आम्ही बांध बघायला आलोच नव्हतो, बांधावरच्या एका गवताला भेटायला आलो होतो, ते फादरांचं होतं, आणि ते गेलं.

कौसाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "कंचं गवत? ते वासाचं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत न असायला काय झालं? रोज इळा घेऊन जाते म्या. परवा कापलं ते समदं बैलाम्होरं टाकलं." माझा चेहरा बघून त्या जरा थांबल्या. "आवं पण ते बैल खात न्हाईत. वासानं तोंड फिरवतेत. समदं खातेत अन् तेवढं सोडतेत."

"मग ते कुठे आहे?"

"चघळीत," त्या म्हणाल्या.

जनावरांनी खाऊन गव्हाणीत उरलेल्या काड्यांना चघळ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. गव्हाण त्यांनी पाहुणे येणार म्हणून कालच झाडली होती आणि चघळ उकिरड्यावर टाकली होती. आम्ही दोघी उकिरड्यावर गेलो. कौसाबाईंनी कासोटा खोचला, मी माझी आधीच फाटलेली साडी खोचली. वर शेण, खाली राख, मध्ये ओल्या काड्या. मी एकेक काडी चुरगळून नाकाशी नेत होते आणि नाकाला दुसरंच काही लागत होतं. एकदा पाय घसरून मी गुडघ्यापर्यंत आत गेले.

"ताई, जल्दी करू नका. वरचं पैले काढा, ते आजचं हाय. आपलं खाली असंल," कौसाबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने त्यांनीच हात बाहेर काढला. मुठीत सात-आठ काड्या होत्या. अर्धवट सुकलेल्या, पण तीन काड्यांना कणसं शाबूत होती. मी एक पान चुरगळलं. तोच वास.

मी तशीच, शेणाच्या पायांनी, ओसरीवर धावत गेले. फादरांनी काडी हातात घेतली, बोटांनी चाचपली, नाकाशी नेली. त्यांचा सगळा चेहरा बदलला. "हेच," ते म्हणाले. "शुभा, हेच."

माझा आनंद तेवढ्याच वेळापुरता टिकला. कारण आता मोजायचं होतं.

फादरांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, काडी जवळ-लांब केली. मग भिंग माझ्यापुढे धरलं. "मला धूसर दिसतंय. तू बघ. एका कणसातले ओळीने दहा दाणे. मी लिहितो." पोस्टकार्डाची कोरी कड आणि जाड पेन्सिल घेऊन ते बसले.

मी उन्हाकडे पाठ करून बसले. पहिला दाणा.

"दोन," मी म्हटलं. त्यांनी रेघ मारली.

दुसरा. "दोन."

तिसरा. "दोन." मी चुकले होते तर. देवा, मी चुकलेलीच असू दे.

चौथा. एक खड्डा. मी दाणा फिरवला, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. एकच खड्डा होता, स्वच्छ, गोल. माझ्यासमोर एक आंधळा होत चाललेला म्हातारा पेन्सिल धरून बसला होता आणि त्याला हे कधीच दिसणार नव्हतं. जगात ते बघणारी मी एकटी होते.

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी रेघ मारली. "पुढे."

पाचव्याला खरोखरच दोन होते, तरी ते सांगताना माझी जीभ अडखळली. सहाव्याला एकही नव्हता. तूस गुळगुळीत. मी भिंग तसंच धरून बसले. गोठ्यातून बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येत होती.

"फादर," मी शेवटी म्हटलं, "चौथ्यात एकच होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिले तीन तू बघता बघता बोललीस. चौथ्याला आधी थांबलीस." त्यांनी पेन्सिलीने चौथी रेघ खोडली. "सहावा?"

"काहीच नाही."

"पुढे."

दहांपैकी सहांवर दोन, तीन दाण्यांवर एक, एकावर काहीच नाही. दुसरं कणीस घेतलं, तिसरं घेतलं, तिन्हींत तोच प्रकार. फादरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि हात कापत होते. मी डबीकडे धावले, पण कौसाबाईंनी माझ्याआधीच मोसंबीचा रस पुढे केला. दुपारी अर्ध्या पोळीवर उठलेला माणूस, साखर उतरली असणार. रस पिऊन त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. वीस वर्षं जवळ बाळगलेलं नाव चुकीचं ठरल्याचं त्यांनी माझ्या तोंडून ऐकून घेतलं होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"काय झालं म्हणं?" कौसाबाईंनी विचारलं.

फादरांनीच सांगितलं. "मला वाटलं होतं, हे गवत वेगळं आहे. ते वेगळं नाही. तुमच्या इथलं नेहमीचंच घाणेरं मारवेल आहे."

"मंग? एकच हाय की ते," कौसाबाई म्हणाल्या. "बैल दोन्ही सोडतेत. म्या तवाच सांगितलं व्हतं तुम्हाला, बांधावर ताक घेऊन आल्ते तवा. ह्ये बी खात न्हाईत अन् त्ये बी खात न्हाईत, एकच हाय म्हणून."

फादर ताठ बसले. "शुभा, वही काढ."

त्यांची एक्याऐंशी सालची टिपणवही मी बरोबर आणली होती. पान सापडलं. अक्षर माझंच, एकोणीस वर्षांच्या पोरीचं, वळणदार. 'बैल खात नाहीत,' एवढंच लिहिलेलं होतं.

"बाकीचं तू का नाही लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलं तेवढं लिहिलं, फादर."

त्यांनी वहीवर हात ठेवला. "हो. मी तेवढंच ऐकलं असणार." आणि मग ते हसायला लागले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. बाबुरावही हसले, कशाला ते न कळता. मला हसता येत नव्हतं आणि रडणं तर होऊन गेलं होतं.

मग ते गंभीर झाले. "चिठ्ठी लिही." प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी जोडायची असते, ती मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिली. नाव लिहिलं ते जुनं, नेहमीचं. फादरांनी दिलेलं नाव त्याखाली लिहून मी त्यांच्यासमोर त्यावर काट मारली. ठिकाण, टेंभुर्णी, नाल्याकाठचा बांध.

"गोळा करणाऱ्याचा रकाना?" फादरांनी विचारलं.

"लिहू का तुमचं?"

"मी काय गोळा केलं? मी खुर्चीवर बसलो होतो. कौसल्याबाई लिही, आणि तुझं लिही."

चिठ्ठीवर शेवटचा रकाना असतो, जात कुणी ठरवली याचा. आमच्या कपाटातल्या हजारो चिठ्ठ्यांवर त्या रकान्यात एकच नाव आहे, सायमन. मी पेन थांबवलं.

"तिथेही कौसल्याबाई," फादर म्हणाले. "आणि साल घाल. आजचं नको, एक्याऐंशी घाल. त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं."

कौसाबाईंना मी ती चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, "बैलाचं बी नाव घाला मंग." आणि ताटं उचलायला आत गेल्या.

परतल्यावर

येताना एसटीत फादर सगळा रस्ता झोपले. मी एकदाही डबी उघडली नाही. जालन्यात माँजींनी विचारलं, "मिळालं का गवत?" फादर म्हणाले, "मिळालं. पण नाव मीच चुकवलं होतं. आता बराबर लिहिलं. पुन्हा कुणी उपटणार नाही." माँजींनी त्यांच्या हातावर दोन वेलदोडे ठेवले.

लेख छापून आला. तो नमुना आमच्या कपाटात आहे. नवीन मुलं चिठ्ठी वाचतात आणि विचारतात, या कौसल्याबाई कुठल्या विद्यापीठाच्या. मी त्यांना सगळं सांगते, माझ्या पोस्टकार्डासकट आणि उकिरड्यासकट. फक्त चौथ्या दाण्याचं सांगत नव्हते. ते इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

फादर आता आश्रमात असतात. दर रविवारी मी फोन करते. तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का, पायाला काही लागलं नाही ना, असे माझे प्रश्न तयार असतात. ते मला विचारूच देत नाहीत. फोन उचलला की त्यांचा एकच प्रश्न असतो.

"चौथ्यात किती?"

"एक, फादर," मी म्हणते, आणि मग आम्ही बाकीचं बोलतो.